ओठांवरचं गणित

दर डिसेंबरात आमच्या शाळेत दहावीच्या पालकांची सभा होते आणि दर वर्षी मी तिथे तेच भाषण करते. बावीस वर्षं गणित शिकवतेय, त्यामुळे भाषण पाठ आहे. केबल काढा. मोबाइल कपाटात ठेवा. पाहुण्यांना मार्चनंतर बोलवा. मुलांना सारखं ‘झालं का, झालं का’ विचारू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरात शांतता ठेवा.

शेवटच्या वाक्याला मागच्या बाकांवर कुणीतरी हसतंच. भिवंडीत, तेही धामणकर नाक्याच्या आसपास राहणाऱ्या माणसाला शांतता ठेवा म्हणून सांगायचं! एका भिंतीपलीकडे लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना, दुसऱ्या भिंतीपलीकडे दुसरा, शुक्रवारची सुट्टी सोडली तर खटखट चालूच. मलाही ते कळतं, पण हसणाऱ्याचा राग यायचा तो येतोच. मी हसणाऱ्याकडे बघून विचारते, ‘‘तुम्हाला मार्क हवेत का हसू हवंय?’’ की सगळे गप्प.

यंदाच्या नव्हे, गेल्या वर्षीच्या सभेत कोन गावची एक बाई उठली. हिरवी साडी, मांडीवर पिशवी, पिशवीतून कोथिंबिरीच्या काड्या बाहेर. म्हणाली, ‘‘बाई, तुमी सांगता ता बराबर हाय. पन आमाला विंग्रजी येत न्हाय, गनित येत न्हाय. आमी पोरीला मदत करायची ती कशी?’’

प्रश्न चांगला होता. मी मात्र घड्याळ बघत होते. ‘‘तुम्हाला काही यायची गरज नाही,’’ मी म्हटलं, ‘‘तुम्ही फक्त शांतता ठेवा.’’ ती ‘बरं’ म्हणून खाली बसली. तिचं समाधान झालेलं नव्हतं, हे मला दिसत होतं. तरी मी पुढच्या मुद्द्यावर गेले, कारण माझं लक्षच नव्हतं. त्या वर्षी माझी स्वतःची मुलगी दहावीला होती. आमच्याच शाळेत, शेजारच्या तुकडीत. तिला गणित येत नव्हतं.

हे मी तेव्हा कुणाला सांगत नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणायला लोक टपलेलेच असतात.

माझ्याबद्दल शाळेत एक गोष्ट प्रसिद्ध आहे: बाईंना ओठ वाचता येतात. गोष्ट खरी आहे. माझे वडील एका लूमच्या कारखान्यात मेहता होते, म्हणजे मालकाच्या वतीने सगळा कारखाना सांभाळणारे. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायची. आत गेलं की कान बंद झाल्यासारखे व्हायचे. तिथली माणसं ओरडत नसत, ओरडून उपयोगच नव्हता. ती हाताने आणि ओठांनी बोलायची. चार मागांच्या पलीकडून एकजण ओठ हलवी आणि अलीकडचा मान डोलावी. आठ-दहा वर्षांची होईपर्यंत मलाही ते जमायला लागलं, मराठीतलं आणि हिंदीतलंही. पुढे शिक्षिका झाल्यावर या विद्येचा मला भलताच उपयोग झाला. परीक्षेत शेवटच्या बाकावरून कुणी शेजाऱ्याला उत्तर पुटपुटलं की मी फळ्याजवळूनच म्हणायची, ‘‘तिसऱ्याचं उत्तर बारा नाही रे, आणि आलं असतं तरी सांगायचं नसतं.’’ वर्ग गार व्हायचा. मला मजा वाटायची, खोटं कशाला बोलू?

घरीही मी तेच करत होते. आमचं घर दोन खोल्यांचं, पहिल्या मजल्यावर. मागच्या गल्लीत लूम. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलं की बाहेरच्या खोलीतलं टेबल समोर दिसतं. मुलीला गणित करताना पुटपुटायची सवय. पायरी लिहायच्या आधी ती ओठांनी म्हणून बघायची. मी पोळी लाटता लाटता बघायची आणि चुकीची पायरी तिच्या ओठांवर आली की तिथूनच ओरडायची, ‘‘चिन्ह!’’ लूमच्या आवाजावर माझा आवाज चढतो, तो वर्गात कमावलेला आवाज आहे. ती दचकायची, खोडायची, बरोबर लिहायची. मला वाटायचं, बघा, केवढा वेळ वाचवला.

नववीच्या वर्षात कधीतरी तिने टेबलाची खुर्ची फिरवली. भिंतीकडे तोंड, माझ्याकडे पाठ. उजेड मागून यायचा, वहीवर तिच्याच डोक्याची सावली पडायची. मी चारदा सांगितलं, ‘‘अगं, डोळे जातील, सरळ बस.’’ ती ‘हो’ म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच. मी म्हटलं, हे वयच असं, सांगितलं त्याच्या उलट करायचं.

इंग्रजीची तऱ्हा वेगळी होती. इंग्रजी तिच्या बाबांकडे. बाबा तहसील कचेरीत कारकून. त्यांचं इंग्रजी फाइलवरच्या शेऱ्यांपुरतं. संध्याकाळी चहा झाला की ते दिवाणावर आडवे व्हायचे आणि ती त्यांना निबंध, पत्र, भाषण वाचून दाखवायची. अर्ध्या शब्दांना ते विचारायचे, ‘‘म्हणजे काय?’’ खरंच ठाऊक नसायचं त्यांना. ती समजावायची. समजावताना मध्येच थांबायची, ‘‘अरे नाही, इथे हा काळ चुकलाय,’’ म्हणायची, खोडायची, पुढे जायची. बाबा म्हणायचे, ‘‘छान.’’ सगळ्याला छान. मला चीड यायची. मी नवऱ्याला म्हणायची, ‘‘अहो, निदान चुका तरी दाखवा. नुसतं छान छान काय?’’ ते म्हणायचे, ‘‘मला कळल्या तर दाखवीन ना.’’

जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली. तिच्या वर्गावर दुसरे सर होते, मी मुद्दामच त्या खोलीचं पर्यवेक्षण घेतलं नाही. पण बीजगणिताच्या पेपरला माझी व्हरांड्यात फेरी होती. जाता-येता दोनदा खिडकीतून नजर गेली. ती रुमाल तोंडावर धरून बसली होती. मला वाटलं, सर्दी झाली असेल. संध्याकाळी मी तिला वाफ घ्यायला लावली. तिने घेतली बिचारीने.

आठवड्याने सरांनी शिक्षकखोलीत तिचा पेपर माझ्यापुढे सरकवला. चाळीसपैकी अकरा. इंग्रजीत ऐंशीपैकी चौसष्ट आणि इथे अकरा! मी पेपर उलटला. चुका असत्या तर मला समजलं असतं, चुकांशी माझी जुनी ओळख आहे. इथे चुकाच नव्हत्या. प्रत्येक उदाहरणाची पहिली ओळ लिहिलेली, सुबक, आणि खाली कोरं. पहिली ओळ, कोरं. पहिली ओळ, कोरं. जणू प्रत्येक दाराशी जाऊन ती परत फिरली होती. बोर्डात असंच झालं तर ती नापास होणार, गणितात, आणि तेही गणिताच्या बाईंची मुलगी. मी घाबरले. आधी तिच्यासाठी की माझ्यासाठी, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही.

त्या दिवसापासून मला बसवेना. शाळेतून आले की मी उभीच. एकदा धुतलेली भांडी पुन्हा धुवायची, पुस्तकं लावायची, काढायची, पुन्हा लावायची. मधूनच तिच्या टेबलाजवळून चक्कर मारायची. पेन्सिलीला टोक केलंय का बघायची. ती म्हणाली, ‘‘आई, तू जरा बसतेस का?’’ मी बसले. दोन मिनिटांनी पुन्हा उभी. आणि पलीकडे लूमची खटखट. आयुष्यभर ऐकलेला तो आवाज मला एकाएकी असह्य व्हायला लागला. वाटलं, दोष याचाच. या आवाजात कुणाचं डोकं चालेल? सगळ्या गावाला मी शांततेचं सांगते आणि माझ्याच लेकीला शांतता नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

कोनला, कल्याण रस्त्यापासून आत, नव्या इमारतीत माझ्या भावाचा फ्लॅट आहे. तो नोकरीसाठी पुण्याला, फ्लॅट रिकामा. चावी माझ्याकडे असते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मी ठरवलं की शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी मुलीला घेऊन तिथे जायचं. नवरा म्हणाला, ‘‘इथे काय बिघडलंय?’’ मी म्हटलं, ‘‘तुम्हाला ऐकू येत नाही का?’’ तो म्हणाला, ‘‘मला तर हा बंद झाला की जाग येते.’’ मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. पिशवीत वह्या, थर्मास, चिवडा भरला. नाक्यावरून शेअर रिक्षा केली. मुलगी पूर्ण वाटेत बाहेर बघत होती, ट्रक मोजत असावी.

फ्लॅट आठव्या मजल्यावर. खिडक्या लावल्या की रस्त्याचा आवाजसुद्धा येत नाही. पंखा दर फेरीला एकदा टिक करायचा, तेवढाच. मी टेबल खिडकीशी लावलं, उजेड डाव्या हाताने येईल असं, नियमाप्रमाणे. समोर माझी खुर्ची. मी वर्गाच्या वह्या तपासायला घेतल्या. मनात म्हटलं, आता कसं, हिला काही कमी नाही.

ती लिहायला लागली. पहिली ओळ लिहिली. मग ओठ हलले, अगदी थोडे, आणि आवाज झाला, बारीकसा. त्या खोलीत तो स्वच्छ ऐकू आला. मी वर न बघता म्हटलं, ‘‘चिन्ह.’’ ओरडले नाही हं. शांत जागा होती, शांतपणे म्हटलं. तिने खोडलं. पुन्हा पुटपुटली. मी म्हटलं, ‘‘आधी कंस सोडव.’’ मला उलटं वाचता येतं, समोर बसलेल्याची वही मला सुलट दिसते, हीही शिक्षकाची एक खोड. तासाभरात माझ्या तोंडून काय काय गेलं असेल, देव जाणे. हळूहळू तिचं पुटपुटणं थांबलं. मला बरं वाटलं. एकाग्र झाली, मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती तासभर वहीकडे नुसती बघत बसली. तिसऱ्या दिवशी पहिली ओळही लिहिली नाही. पेनाचं टोपण काढायची, लावायची. टक, टक. मी म्हटलं, ‘‘अगं, लिही ना.’’ ती लिहीना. मी उठले, पाणी प्यायले, बसले, परत उठले, खिडकी उघडली, लावली. शेवटी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘‘एवढी शांतता तुझ्यासाठी शोधली,’’ मी म्हटलं, ‘‘आणि तू टोपणाशी खेळतेस? तीन आठवड्यांवर बोर्ड आलंय. काय हवंय तुला आणखी?’’

‘‘घरी जायचंय.’’

‘‘घरी? त्या आवाजात?’’

‘‘हो. त्या आवाजातच.’’

मला वाटलं, थट्टा करतेय. पण तिचे डोळे भरले होते आणि ती रडण्यातली नाही, लहानपणी गुडघा फुटला तरी न रडलेली.

‘‘तिथे तुला मी ऐकू येत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘भिंतीकडे तोंड केलं की दिसतही नाही. मला आधी चुकीचंच येतं गं. म्हणून बघितलं की मग कळतं, हे चुकलं, मग बरोबर येतं. तू मला चुकूच देत नाहीस. माझं चुकायच्या आधीच तुझं ‘चिन्ह’ येतं. आता तू नसलीस तरी येतं. प्रिलिमला तू खिडकीवरून दोनदा गेलीस. मी तोंडावर रुमाल धरला, तरी माझं सगळं गेलं डोक्यातून.’’

म्हणजे सर्दी नव्हती.

शहाण्या आईने तिथेच पोरीला जवळ घेतलं असतं. मी म्हटलं, ‘‘मग काय, बोर्डात चुका करून येणार आहेस?’’ आणि बाल्कनीत गेले. दार आपटलं. खाली कोनची जुनी कौलारू घरं दिसत होती, त्यांच्यापलीकडे रस्ता आणि रस्त्यावर कंटेनरची रांग. बावीस वर्षं! लोकांची मुलं माझ्या हाताखालून इंजिनिअर झाली, आणि माझ्याच पोटची म्हणते, तू नसलीस तरी मला ऐकू येतेस.

मी नवऱ्याला फोन लावला. त्याने माझी बाजू घ्यावी म्हणून लावला होता. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, ‘‘हे बघ, मला गणितातलं काही कळत नाही. पण ती इंग्रजी वाचते ना माझ्यापुढे, तेव्हा तिला तिची चूक वाचता वाचताच दिसते. मी काहीच करत नाही. मी नुसता असतो.’’

‘‘तुम्हाला येत नाही म्हणून,’’ मी फटकन म्हटलं.

‘‘हो,’’ तो म्हणाला. त्याला राग आला नाही. ‘‘म्हणूनच असेल.’’

फोन ठेवला आणि मला, किती वर्षांनी कोण जाणे, माझ्या मानेवरचा वडिलांचा हात आठवला.

सातवीत असेन. डबा घेऊन कारखान्यात गेले होते. कोपऱ्यातल्या मागावर उत्तरेकडचा एक कामगार होता, गावाहून नुकताच परतलेला. त्याची आई गेली होती. तो भिंतीकडे तोंड करून, चालत्या मागापाशी उभा राहून बोलत होता. बाजूने त्याचे ओठ मला दिसत होते. मी वाचायला लागले. तो आईशी बोलत होता, भांडत होता खरं तर, माझ्यासाठी का नाही थांबलीस म्हणून. मी वाचतच राहिले, डबा हातात तसाच. आजूबाजूचे सगळे कामगार त्याच्याकडे पाठ करून उभे होते. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. इतक्यात वडिलांनी मागून माझी मान धरली आणि माझं तोंड दुसरीकडे फिरवलं. चांगलं करकचून. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘‘ज्याला वाचता येतं त्यानं पाठ फिरवायची असते. एवढा आवाज आहे म्हणून तो बोलतोय. त्याचं त्याला बोलू दे.’’

तो कारखान्याचा रिवाज होता. कुणी भिंतीकडे तोंड केलं की बाकीच्यांनी तिकडे बघायचं नाही. कुणी शिकवत नसे, सगळ्यांना माहीत असे. मी वाचायला शिकले आणि एवढं मात्र विसरले. माझ्याच घरात माझी मुलगी दीड वर्ष भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि मी तिला म्हणत होते, उजेडाकडे तोंड कर.

मला स्वतःची लाज वाटली. आत गेले. ती टेबलावर डोकं ठेवून पडली होती. मी म्हटलं, ‘‘वह्या भर. घरी जाऊ.’’ माफी वगैरे काही मागितली नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. पण उतरताना लिफ्टमध्ये तिची पिशवी मी घेतली आणि तिने घेऊ दिली.

आता यापुढे मी एकदम सुधारले असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. जित्याची खोड. घरी आलो, ती आपली भिंतीकडे तोंड करून बसली, लूम चालू झाले, आणि मी स्वयंपाकघरात उभी. पाठमोरीसुद्धा तिची मान सांगायची की अडलीय. पाय आपोआप उंबऱ्याकडे जायचे. मी स्वतःला कामं लावून घेतली. डबे घासले. गच्चीवर जाऊन वाळलेले कपडे उगाच उलटे करून पुन्हा वाळत घातले. शेजारीण म्हणाली, ‘‘ताई, बरं आहे ना?’’ एकदा न राहवून मी चहा द्यायच्या निमित्ताने वहीत डोकावलेच. तिने वही मिटली आणि चहा प्यायली. मी कप घेऊन परत आले. सांगायची गोष्ट म्हणजे, जगातली सगळी गणितं सोपी, पण येत असलेलं न सांगणं फार अवघड. मला तर तापासारखं वाटायचं.

मग एके दिवशी तिने विचारलं, ‘‘बाबा, तुम्हाला एक उदाहरण समजावू?’’ मी आत कांदा चिरत होते. बाबा उठून बसले. ती समजावत होती, ते विचारत होते, ‘‘हे पलीकडे का नेलं? इकडेच राहिलं तर काय होतं?’’ इतका बावळट प्रश्न माझ्या वर्गात कुणी विचारला असता तर मी त्याला उभं केलं असतं. ती थांबली, विचार केला, आणि त्यांना सांगितलं काय होतं ते. मी कांद्यावर मान घालून ऐकत होते. लूमच्या आवाजात निम्मं ऐकू आलं नाही, आणि तेच बरं झालं.

इंग्रजीचा पेपर छान गेला. बाबांनी विचारलं, ‘‘कसा गेला?’’ ती म्हणाली, ‘‘छान.’’ ते दोघे हसले. मी हसले नाही, माझं लक्ष पुढच्या पेपरवर होतं.

निकालाचं इथेच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. गणितात शंभरपैकी एकोणसाठ. आमच्या शाळेच्या बोर्डावर नाव लागावं असे नाहीत. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पाठीमागे बोलले असतील. गुणपत्रिका न्यायला ती कोनची बाई आली होती, पोरीला घेऊन. पोरीला बाहत्तर. मी म्हटलं, ‘‘शांतता ठेवलीत वाटतं घरात?’’ ती म्हणाली, ‘‘कुठली शांतता, बाई! घरात सात मानसं. ती मला सांगायची, मी भाजी निवडत हूं हूं करायची. मला काय त्यातला समजत न्हाय.’’ मला तिला डिसेंबरात दिलेलं उत्तर आठवलं आणि मी म्हटलं, ‘‘चुकलं माझं.’’ तिला कशाबद्दल ते कळलं नाही. ती म्हणाली, ‘‘असू दे,’’ आणि पेढा दिला. यंदाच्या सभेत मी शांततेचा मुद्दा पहिल्यांदाच काढून टाकला. त्याच्या जागी काय सांगावं ते अजून नीट जमलेलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते बीजगणिताच्या पेपरच्या आदल्या दिवसाचं.

दुपार होती. शाळेत मी सुट्टी टाकली होती. मी स्वयंपाकघरात होते, मागे लूम चालू. बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकल्याचं मला दारातून दिसलं. तिने खुर्ची फिरवली. भिंतीकडे पाठ, माझ्याकडे तोंड. मी काही म्हटलं नव्हतं. शपथेवर सांगते, महिनाभरात उजेडाचं अक्षर काढलं नव्हतं.

ती एक वर्गसमीकरण सोडवत होती. ओठ हलायला लागले. मी बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. वजा पंधराचे अवयव ती पाडत होती. मधलं पद अधिक दोन, मला इतक्या लांबून कसं कळलं विचारू नका, मी तिच्याआधीच पुस्तकातलं ते पान सोडवलेलं होतं. तिचे ओठ म्हणाले: वजा पाच, अधिक तीन.

चुकलं. उलटं झालं. अधिक पाच हवं होतं, वजा तीन.

शब्द माझ्या दातांपर्यंत आला. उद्या पेपर. आत्ता नाही सांगितलं तर हीच चूक उद्या तिथे. एक शब्द, एवढाच. काय बिघडेल? माझ्या हातात चिमटा होता, तो मी इतका घट्ट धरला की वळ उठला.

मी पाठ फिरवली.

ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. गॅस बंद होता, ओट्यावर काही नव्हतं. समोर पांढऱ्या टाइल्स, एकीला तडा गेलेला. मानेवर वडिलांचा हात असल्यासारखी मी त्या तड्याकडे बघत राहिले. मागे लूम चालले होते, खटखट, खटखट, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, यांनी थांबू नये, आत्ता तर मुळीच नाही. किती वेळ गेला कोण जाणे. पाठीला डोळे फुटतील असं वाटत होतं. तिने खाली काय लिहिलं असेल? पुढच्या पायरीवर गेली असेल का? मी तडा मोजला, टाइल्स मोजल्या, उभ्या सात, आडव्या अकरा, पुन्हा मोजल्या.

माझ्या पाठीवर काहीतरी आपटलं. हलकंसं. खाली बघितलं तर खोडरबर.

मी वळले. ती माझ्याकडेच बघत होती. तोंडावर रुमाल नाही, हात नाही. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, तिने विचारलं, ‘‘दिसलं होतं ना तुला?’’

मीही ओठांनीच म्हटलं, ‘‘नाही.’’

‘‘खोटारडी,’’ तिचे ओठ म्हणाले. मग ती वहीकडे वळली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि पुन्हा मान वर केली. माझ्याकडे बघत, एकेक अक्षर सावकाश, मला नीट वाचता यावं म्हणून तिने ओठ हलवले, ‘‘सापडली.’’